एकतीस अंजनी

बुवापाडा, अंबरनाथ
८ जुलै २०२४

प्रिय पायल,

जयभीम. अंबरनाथहून बदलापूरला पत्र पाठवणारी मी एकटीच असेन, असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. मधे एकही स्टेशन नाही, स्वतःच नेऊन द्या की, म्हणाल्या. मी पाकीट मागितलं. तू फोनवर भरभर बोलतेस आणि मला ऐकून कळत नाही, वाचून कळतं. त्यामुळे साइटचं जे काही असेल ते लिहूनच.

तुझा फॉर्म चालला. शनिवारी दुपारी तू वाचनालयाची साइट सुरू करून गेलीस आणि रविवार संध्याकाळपर्यंत एकतीस मागण्या आल्या. तू म्हणाली होतीस, पहिल्या महिन्यात दहा आल्या तरी खूप. तुझ्या काकांनी सहा वर्षं हे वाचनालय चालवलं. त्यांच्याकडे एका दिवसात जास्तीत जास्त चौदा माणसं आली होती, आणि त्यातली पाच पाऊस थांबायची वाट बघत होती.

आता यात एक गोष्ट आहे. एकतीसच्या एकतीस मागण्या दहावीच्या गणिताच्या आहेत. नाव सगळ्यांवर एकच, अंजनी. तू जी 'कारण' म्हणून चौकट केलीस, तिच्यातही सगळ्यांनी एकच लिहिलं आहे: 'दहावीला बसायचंय घरी माहीत नाही'. अंजनी म्हणजे मागच्या गल्लीतल्या राजूची बायको. नववीतून शाळा सुटली तिची. ती शनिवारी भरून गेली हे मला माहीत आहे, कारण माझ्याच फोनवर भरलं. उरलेल्या तीस जणी कोण, ते ओळखता येत नाही. स्वतःचं नाव द्यायला लाजल्या असतील आणि अंजनीचं दिलं असेल, असा माझा अंदाज. मला राग नाही.

गणित आपल्याकडे एकच आहे. आज सकाळी उल्हासनगरला, कॅम्प दोनला, जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन आले. त्याच्याकडे अकरा आहेत, बाकीची मागवून ठेवतो म्हणाला. वर्गासाठी विहाराचा हॉल मिळेल का, म्हणून विहाराचं बघणाऱ्या हरिचंद्रला विचारलं. तो म्हणाला, "काकी, एकतीस बायका आणि गणित? सतरंज्या कमी पडतील."

काकांना हे सांगायला हवं होतं. सवयीने सांगितलंच.

तुझी,
द्रौपदीकाकी


बदलापूर
१२ जुलै २०२४

काकी,

जयभीम. पत्र मिळाल्या मिळाल्या तुला फोन केला, तर "लिहून पाठव, हात मोडला नाही ना?" म्हणून तू ठेवून दिलास. म्हणून लिहिते. फॉर्म मी आत्ताच बंद केला आहे.

काकी, पुस्तकं घेऊ नकोस. सतरंज्याही नकोत. एकतीस बायका नाहीत. एकच अंजनी आहे, एकतीस वेळा.

फॉर्म भरून बटण दाबलं की 'तुमची मागणी पोचली' असं पान येतं. त्या पानाच्या वर, पट्टीत, जो पत्ता दिसतो तो कोणीतरी कॉपी करून तुमच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आहे. तो नुसता पत्ता नाही. अंजनीने लिहिलेलं सगळं त्या पत्त्यातच आहे, नाव, पुस्तक, कारण, सगळं. त्यावर जिने जिने बोट ठेवलं तिच्या फोनवरून अंजनीची मागणी पुन्हा एकदा गेली. त्यातली एखादी तर माणसाचीही नसेल. लिंक पाठवताना फोन स्वतः आत डोकावून बघतो, त्याची असेल.

हे गेटमुळे झालं. सर्व्हर कधी कधी गडबड करतो.

लिंक कोणी टाकली ते बघ आणि आधी पुसायला सांग. आणि मला एवढं कळव, अंजनीच्या घरचं कोणी आहे का त्या ग्रुपमध्ये?

पायल


बुवापाडा
१७ जुलै २०२४

प्रिय पायल,

आहे. चांगुणा, अंजनीची नणंद.

मेसेज पुसला. माझ्या फोनवरून गेला. बाकी सगळ्यांच्या फोनवर आहे असं नंतर कळलं. सगळ्यांच्या फोनवरून पुसायचं बटण म्हणे दोन-तीन दिवसच असतं. कोणी टाकला ते शोधून आता उपयोग नाही.

काल भिमाबाई आली होती. भिमाबाई म्हणजे अंजनीची सासू. मागे चांगुणा, तिचा फोन भिमाबाईच्या हातात. दोघी दारातच उभ्या.

"द्रौपदे, माझ्या सुनंनं एकतीस बुकं मागितली म्हनं. काय करनार हाय, भिंत बांधनार हाय?"

मी म्हटलं, आत येऊन बस.

"बसत न्हाई. ह्ये काय लिवलंय ते वाच. चांगुणानं वाचलं, तिच्या नवऱ्यानं वाचलं, नळावर समद्यांनी वाचलं. मला कोन बी वाचून दावत न्हाई. माझ्याकडं बगत्यात अन् गप बसत्यात."

"आई, बोट लावू नको तिथं," चांगुणा म्हणाली.

"लावलं तर काय हुतंय?"

"अजून एक पुस्तक जाईल."

मी वाचलं. वरच्या पट्टीत होतं. शब्दांच्या मधे जागा सोडायच्या ऐवजी बेरजेची चिन्हं होती. घरी+माहीत+नाही. मी चिन्हं सोडून वाचून दाखवलं.

भिमाबाई म्हणाली, "घरी म्हंजी कोन गं? घरी तर मीच असते."

मी फोन परत तिच्या हातात दिला.

"शिकू नको म्हनून मी कवा म्हनले? कुनी इचारलंच न्हाई तर म्हननार कशी? आता गल्ली म्हनती, भिमी सुनंला कोंडून ठेवती. गल्लीला आदी म्हाईत, मला मागनं. मी काय भाडेकरू हाय का त्या घरात?"

एवढं बोलून ती गेली. दुपारी अंजनी आली. गिरणीत दळण टाकायचं आणि पीठ होईपर्यंत इथे बसायचं, हा तिचा पहिल्यापासूनचा वेळ. "मावशी, दाखला गेला," म्हणाली. शाळा सोडल्याचा दाखला तिने माहेरून आणून तांदळाच्या डब्यात ठेवला होता. भिमाबाईने तो काढून आपल्या पेटीत टाकला आणि किल्ली कमरेला लावली. दाखल्याशिवाय सतरा नंबरचा फॉर्म भरता येत नाही, आणि तो भरला नाही तर बाहेरून परीक्षेला बसता येत नाही. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मुदत आहे. अंजनी सव्वीस वर्षांची आहे. "पुढच्या वर्षी माझ्यात दम राहणार नाही, मावशी," म्हणाली. राजू काय म्हणतो विचारलं, तर म्हणाली, तो जीन्सच्या कारखान्यातून येतो आणि आई झोपली का एवढंच विचारतो.

आता मला एक सांग. गेट म्हणजे काय? मला वाटलं फाटक. उघडं राहिलं म्हणून सगळे आत आले. पण तू लिहिलंस 'सर्व्हर गडबड करतो'. मग फाटक कोणाचं?

द्रौपदीकाकी


बदलापूर
२१ जुलै २०२४

काकी,

सर्व्हरचं मी खोटं सांगितलं. सर्व्हरने काही केलं नाही. त्याला जे सांगितलं ते त्याने एकतीस वेळा केलं.

फॉर्ममध्ये लिहिलेलं पाठवायचे दोन मार्ग असतात. एकाचं नाव गेट, एकाचं पोस्ट. गेट म्हणजे फाटक नाही, इंग्रजीतलं 'आणून दे'. किराणावाल्याच्या दुकानात आपण रस्त्यावरूनच विचारतो ना, साबुदाणा आहे का? सगळे ऐकतात, कोणाचं काही बिघडत नाही. दहा वेळा विचारलं तरी दुकानात होता तेवढाच साबुदाणा राहतो. ते गेट. वाचनालयात कोणतं पुस्तक आहे ते शोधायला तेच बरं, शोधलेल्याची लिंक मैत्रिणीला पाठवता येते.

पण मेडिकलवाल्याकडे आपण तसं ओरडत नाही. चिठ्ठी घडी करून हातात देतो. ते पोस्ट. लिहिलेलं पट्टीत येत नाही, आत जातं. ते पान पुन्हा पाठवायला गेलं तर फोन आधी विचारतो, परत पाठवू का? ज्याने तिकडे काहीतरी नोंदलं जातं, बदलतं, ते पोस्टने पाठवायचं. नाव, कारण, मागणी, हे सगळं पोस्टने जायला हवं होतं. चिठ्ठी म्हणजे कुलूप नाही, हेही सांगते. कुलूप वेगळं असतं आणि ते आपल्या साइटला आहे. पण कुलूप लावलं आणि तोंडाने ओरडलं तर काय उपयोग.

काकी, यातलं कोणतं हवं ते मी एका शब्दात लिहायचं असतं. मी काहीच लिहिलं नाही. लिहिलं नाही तर फोन आपोआप गेट धरतो. मी गेट निवडलं असं नाही. निवडायचं असतं हेच त्या दिवशी डोक्यात नव्हतं. चार वर्षं मी हेच काम करते. कॅम्प दोनच्या आमच्या ऑफिसात दुकानांच्या साइट बनवताना आमचे मालक मुकेशभाई मागे उभे राहून म्हणतात, "दिखता है ना? चलता है ना? तो छोड, साईं." तुझा फॉर्म दिसत होता, चालत होता. मी सोडला आणि सव्वादोनची गाडी पकडली.

मी येऊन भिमाबाईंची माफी मागू का? चूक माझी आहे. लिंक टाकणारीला काय कळणार होतं.

पायल


बुवापाडा
२६ जुलै २०२४

प्रिय पायल,

तू येऊ नकोस. लिंक टाकणारी मी आहे.

त्या शनिवारी अंजनी आली तेव्हा गणिताचं पुस्तक माझ्या मागच्याच फळीवर होतं. हात लांब केला असता तर देता आलं असतं. पण तू दुपारीच फॉर्म करून गेली होतीस आणि मला तो चालवून बघायचा होता. मी म्हटलं, आता नियम झाला, भर. तिने नाव लिहिलं, पुस्तक लिहिलं आणि कारणापाशी थांबली. "मावशी, हे लिहायलाच लागतं का?" मी म्हटलं, चांदणी दिसते ना पुढे, मग लागतं. ती चांदणी मीच तुला लावायला सांगितली होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि खरं ते लिहिलं. 'तुमची मागणी पोचली' आलं. मला इतका आनंद झाला की बाकीच्यांनीही भरावा म्हणून वरचा पत्ता उचलला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'भगिनींनो, लाभ घ्या.'

तुझ्या पहिल्या पत्रातच मला कळलं होतं. तुला 'कोणी टाकला ते शोधून उपयोग नाही' असं लिहिलं, कारण शोधायला फार लांब जावं लागलं नसतं.

तुला एक सांगते, जे तुझ्या बाबांनाही माहीत नसेल. लग्न होऊन मी आले तेव्हा मला वाचता येत नव्हतं. काका कंपनीत जायचे आणि घरी पेपर पडलेला असायचा. दुकानांच्या पाट्यांवरून मी अक्षरं लावत गेले. दोन वर्षं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं आणि जमलं नाही तर? न येणारी म्हणून राहणं सोपं असतं. शिकायला बसली आणि नाही आलं, हे अवघड. शेवटी सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "मला वाटलंच. पेपर रोज उलट्या घडीचा सापडायचा." दोन वर्षं त्यांनी तो तसाच उचलला आणि बोलले नाहीत. आता ते गेल्याला तीन वर्षं झाली, पेपर मीच घडी करते आणि मीच उघडते.

भिमाबाईकडे जाऊन बोलायचं ठरवलं होतं. पण तिच्या दारात बोलणं म्हणजे गल्लीत बोलणं. एकदा तिचं गल्लीत झालं आहे. म्हणून मी तिला पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं. पोस्टातल्या बाईंनी पत्ता वाचला. "बुवापाड्याहून बुवापाड्याला?" म्हणाल्या. मी म्हटलं, हो.

पत्रात असं लिहिलं. लिंक चांगुणाने टाकलेली नाही, अंजनीने तर नाहीच, मी टाकली; ग्रुपवर माझं नाव दिसतं, पण तुला ते कोणी वाचून दाखवलं नसेल. अंजनीने जे लिहिलं ते मी जबरदस्तीने लिहायला लावलं. तिने तुला सांगितलं नाही ते तुझ्या भीतीने नाही, नापास व्हायच्या भीतीने, असा माझा अंदाज आहे, तिने मला तसं सांगितलेलं नाही. मग पेपरच्या घडीचं लिहिलं. शेवटी लिहिलं, दाखला द्यायचा की नाही हे तुझं तू ठरव, पण माझ्या चुकीची शिक्षा म्हणून ठेवणार असशील तर माझं काहीतरी ठेव. माझ्याकडे सहाशे चाळीस पुस्तकं आहेत, निवडून घे.

द्रौपदीकाकी


बदलापूर
३० जुलै २०२४

काकी,

भिमाबाईंना वाचता येत नाही ना? तूच लिहिलं होतंस. मग ते पत्र चांगुणा वाचणार, आणि ती संध्याकाळपर्यंत नळावर सांगणार! तू बोलून तरी यायचंस.

नवा फॉर्म तयार आहे. पुस्तक शोधायची चौकट गेटने ठेवली आहे, मागणी पोस्टने. मी स्वतः पंचवीस वेळा भरून बघितलं, पट्टीत काही येत नाही. मुकेशभाई म्हणाले, "एक लायब्ररी के लिए इतना?" मी म्हटलं, हो. बाकीच्या सगळ्या दुकानांचे फॉर्मही उघडून बघते आहे. आत्तापर्यंत सहा सापडले. एक तर साड्यांच्या दुकानाचा आहे, त्यात ब्लाउजची मापं वर पट्टीत येतात. मुकेशभाई आता मागे उभे राहत नाहीत.

तुला एकच विचारायचं आहे. 'कारण' ठेवू का? चांदणीशिवाय ठेवता येईल.

आणि पत्राचं काय झालं ते लगेच कळव. फोन उचललास तरी चालेल.

पायल


बुवापाडा
२९ सप्टेंबर २०२४

प्रिय पायल,

दोन महिने पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. फोनवर तुला 'सांगते, सांगते' म्हणत राहिले, कारण काय सांगायचं ते ठरत नव्हतं.

'कारण' काढून टाक. चांदणीसकट. काका प्रत्येकाला विचारायचे, हे पुस्तक का हवं? लोक सांगायचे. काका ऐकायचे आणि संध्याकाळपर्यंत विसरायचे. फॉर्म विसरत नाही. मला वाटलं होतं मी त्यांची पद्धत चालवते आहे.

भिमाबाईला वाचता येत नाही हे मला माहीत होतं. चांगुणा सासरी असते, उल्हासनगरला. त्या दिवशी फोन दाखवायला म्हणून आली होती. पोस्टमन आमच्याकडे दुपारी येतो. त्या वेळी त्या घरात भिमाबाई आणि अंजनी दोघीच असतात.

पुढचं मला अंजनीने सांगितलं. पाकीट आलं तेव्हा भिमाबाईने ते दोनदा उलटंपालटं केलं. तिच्या नावाचं पाकीट तिला आयुष्यात पहिल्यांदा आलं होतं. चांगुणा येईपर्यंत ते कुंकवाच्या डबीखाली ठेवलं. दोन दिवस ठेवलं. तिसऱ्या दिवशी अंजनीपुढे टाकलं. "वाच. अन् जे लिवलंय तेच वाच, तुज्या सोयीचं वाचू नको."

अंजनीने वाचलं. नापास व्हायच्या भीतीचं आलं तिथे ती अडकली. भिमाबाई म्हणाली, "का थांबली? अक्षर लागंना?" अंजनी म्हणाली, "लागतंय." आणि पुढचं वाचलं. संपल्यावर भिमाबाईने पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. मग म्हणाली, "द्रौपदीचं अक्षर बरं हाय का?" अंजनी म्हणाली, बरं आहे. "तुजं?"

दाखला त्या दिवशी दिला नाही. ऑगस्ट संपला तरी नाही. मी विचारायला गेले नाही, कारण तुझं तू ठरव असं मीच लिहिलं होतं. पुस्तक निवडायलाही ती आली नाही. अंजनी यायची, बसायची, पीठ घेऊन जायची. तिने नेलेलं गणिताचं पुस्तकही परत आणून ठेवलं होतं. मी ते फळीवर लावलं आणि मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मुदत संपायला पाच दिवस राहिले तेव्हा भिमाबाई स्वतः उठली, पेटी उघडली, दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि अंजनीला म्हणाली, चल. अंजनीच्या हातात दिला नाही. शाळेत क्लार्कने मागितला तेव्हा तिनेच त्याच्या टेबलावर ठेवला. तो म्हणाला, "आजी, परीक्षेला कोण बसणार, तुम्ही?" भिमाबाई म्हणाली, "तुला काय करायचंय? कागद बग." फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा होता. जाताना त्यांनी मला हाक मारली म्हणून मी बरोबर होते. क्लार्क चौकटी भरत होता आणि मी सगळा वेळ वरच्या पट्टीकडे बघत होते. काही आलं नाही. अंजनीचा सतरा नंबर भरला गेला. पावती माझ्या समोर निघाली.

त्यांच्या घरी आल्यावर भिमाबाईने एक अट घातली. अभ्यास करायचा तर मोठ्याने. मनातल्या मनात वाचायचं नाही, तिच्यासमोर बसून वाचायचं. "ह्या घरात आता गुपचूप काय बी हुनार न्हाई," म्हणाली. अंजनीने माझ्याकडे बघितलं. मी भांड्यांच्या फळीकडे बघितलं.

तेव्हापासून रोज दुपारी दोन ते चार अंजनी मोठ्याने वाचते. आमच्याकडच्या भिंती तुला माहीत आहेत. काटकोन त्रिकोणाचं प्रमेय आता दोन्ही गल्ल्यांना येतं. परवा तिने कर्णाचा वर्ग चुकीचा सांगितला, तर हरिचंद्र समोरून ओरडला, "पुन्हा बघ, पुन्हा बघ!" शेजारची वेणू भांडी घासता घासता भूगोल ऐकते आणि नद्या नीट ऐकू येत नाहीत म्हणून तक्रार करते. भिमाबाईला गणितात रस नाही. इतिहासाला मात्र ती मांडी घालून बसते. सगळ्या सनावळ्या तिला पाठ झाल्या आहेत. अंजनी अडखळली की आधी तीच सांगते आणि वर तिला म्हणते, "मार्चमदी असं करशील तर कसं हुनार आपलं?"

परीक्षेला दोघींपैकी एकीलाच बसता येणार, हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.

तुझी,
द्रौपदीकाकी